पाव मैलाचा हिशेब

आपल्या वार्षिक अंकासाठी लेख मागविले गेले की विषय बहुधा ठरलेले असतात. हुंड्याची चाल, सुशिक्षितांची बेकारी, मोबाइलचे दुष्परिणाम, एखाद्या सहलीचे वर्णन आणि जागा उरलीच तर चार-दोन कविता. मोटारगाडीवर कोणी लिहीत नाही. तो विषय गॅरेजचा, कला शाखेचा नव्हे, अशी आपली समजूत आहे. आणि लिहिणारी मुलगी असेल तर मग विचारावयासच नको. माझ्या वडिलांचे डिझेल पंप व नोझल दुरुस्तीचे लहानसे वर्कशॉप आहे. तेथील जमाखर्चाची वही गेली चार वर्षे मी लिहिते. त्यामुळे अर्थशास्त्राच्या पुस्तकांइतकीच इंजिनाची भाषाही माझ्या कानावर पडत आली आहे. त्या बळावर हा विषय मी निवडला आहे. गुरुजनांनी व मित्रमैत्रिणींनी तो वाचण्याआधी टाकून देऊ नये, एवढीच विनंती.

विषय आहे अमेरिकेतील ‘ड्रॅग रेसिंग’ या शर्यतीचा आणि त्या शर्यतीसाठी फेरफार केलेल्या पिकअप गाडीच्या इंधनाचा. हा खेळ पाहिला की तो निव्वळ मस्तीचा वाटतो. कानठळ्या बसविणारा आवाज, जळत्या टायरचा धूर, आणि दहा-बारा सेकंदांत सगळे संपलेले. आपल्याकडील मुलांनी पडद्यावर पाहून नेमके तेवढेच उचलले आहे. माझे म्हणणे असे की, हा खेळ वस्तुतः मस्तीचा नसून हिशेबाचा आहे. आवाज आणि धूर ही त्याची ताकद नव्हे. तो त्याचा तोटा आहे. ज्यांना वेगाची हौस आहे त्यांनी तोटा उचलला आणि हिशेब तिकडेच ठेवला, हे आपले दुर्दैव.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. दोन गाड्या, एक सरळ पट्टी, आणि जागेवरून सुरुवात. अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. वळण नाही, फेऱ्या नाहीत. खेड, जुन्नर, आंबेगावकडे ज्यांनी घाटात बैलगाडा पाहिला आहे त्यांना यात अपरिचित असे काही वाटू नये. तेथेही बारी सरळच धावते, आणि ती किती सेकंदांत गेली यावर निकाल ठरतो. फरक एवढाच की बैलाचे मन कोणाला मोजता येत नाही, इंजिनाचे पुष्कळसे येते.

हा खेळ जन्मला तो रस्त्यावरच. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण १९३० च्या दशकात जुन्या फोर्ड गाड्या हलक्या करून, इंजिने सुधारून म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर पळवीत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो तरुण सैन्यातून परतले. हाताला यंत्राची सवय, खिशात थोडे पैसे आणि अंगात रग. सरोवरे दूर होती. शहरातील रस्ते जवळ होते. रात्री सिग्नलवर दोन गाड्या शेजारी उभ्या राहिल्या की शर्यत लागे. अपघात होत, माणसे मरत, वर्तमानपत्रे संतापत, आणि ‘हॉट रॉड’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा झाला होता.

यावर तेथे जे झाले ते आपण नीट लक्षात घ्यावे असे मला वाटते. पोलिसांनी पकडले, दंड केला, हे तर झालेच. पण त्याच तरुणांतील काही जाणत्यांनी शर्यतीला जागा आणि नियम मिळवून दिले. १९५० साली सांता ॲना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ साली ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली. १९५४ साली या संस्थेची ‘सेफ्टी सफारी’ नावाची मोजकी माणसे एक मोटार आणि तिच्यामागे साहित्याचा ट्रेलर घेऊन गावोगाव हिंडली. घड्याळे कशी लावावीत, गाडी कशी तपासावी, प्रेक्षक किती दूर उभे करावेत, हे त्यांनी ठिकठिकाणच्या मंडळांना शिकविले. १९५५ साली कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड या गावी, युद्धकाळात बांधलेल्या विमानतळावर, पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. युद्धासाठी बांधलेल्या आणि मग ओस पडलेल्या धावपट्ट्या तरुणांच्या कामी आल्या. रस्त्यावरील शर्यत त्यामुळे नाहीशी झाली असे नव्हे; पण वेगाच्या हौसेला एक प्रतिष्ठित घर मिळाले.

आता हिशेबाकडे वळू. सुरुवातीच्या रेषेपाशी एका खांबावर दिवे असतात. नाताळच्या झाडासारखे दिसतात म्हणून त्यांस ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. १९६३ पासून ते वापरात आहेत. गाडीची पुढची चाके प्रकाशकिरणाच्या रेषेत आली की वरचे दिवे लागतात. मग अर्ध्या अर्ध्या सेकंदाने तीन पिवळे दिवे, आणि शेवटी हिरवा. हिरव्याआधी चाक हलले तर तांबडा दिवा लागतो आणि शर्यत तेथेच हरली जाते. मोटार कितीही जोरदार असो, तांबड्यापुढे कोणाचे चालत नाही. हिरवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात, आणि गाडी हलल्यापासून रेषा ओलांडेपर्यंतचा वेगळा. म्हणजे माणसाचा हिशेब निराळा आणि यंत्राचा निराळा. कमी जोराच्या गाडीचा चालक सावध असला, तर जास्त जोराच्या गाडीला तो केवळ या पहिल्या हिशेबावर हरवू शकतो.

शर्यत संपल्यावर प्रत्येकाला कागदाची एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर ६० फूट, ३३० फूट, ६६० फूट, १,००० फूट आणि १,३२० फूट या टप्प्यांना लागलेला वेळ छापलेला असतो. तसेच अर्ध्या अंतरावरचा आणि शेवटचा वेग. पहिल्या ६० फुटांत वेळ गेला असेल तर दोष टायरच्या पकडीत किंवा सुटण्यात आहे. तेथे ठीक असून शेवटचा वेग कमी असेल तर दोष इंजिनाच्या ताकदीत आहे. आमच्या वर्कशॉपच्या वहीत ज्याप्रमाणे खर्च कोठे झाला हे रकान्यावरून कळते, त्याचप्रमाणे सेकंद कोठे गेला हे या चिठ्ठीवरून कळते. थापा मारण्यास तिच्यात जागाच नाही.

याहून गंमत वाटते ती ‘ब्रॅकेट’ पद्धतीची. १९७० च्या दशकात ती चांगलीच रूढ झाली आणि सामान्य हौशी माणसे आजही मुख्यतः तिच्यातच भाग घेतात. या पद्धतीत आपली गाडी किती सेकंदांत जाईल हे चालकाने आधीच लिहून द्यावयाचे असते. समजा, एका जुन्या पिकअपवाल्याने १४.२० लिहिले आणि शेजारच्या तयार गाडीने ११.७०. तर पिकअपला हिरवा दिवा अडीच सेकंद आधी मिळतो. आता दोघेही आपापल्या शब्दाला जागले तर रेषेवर बरोबरच पोचतील. पण आपण लिहिलेल्या वेळेपेक्षा जो लवकर जाईल तो बाद! म्हणजे वेगाच्या शर्यतीत जास्त वेगाने गेल्याबद्दल माणूस हरतो. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले होते. विचार केल्यावर मात्र त्यातील शहाणपण पटले. आपली गाडी काय करील हे ज्याला नेमके ठाऊक आहे आणि जो तेवढेच बोलतो, त्याला येथे बक्षीस आहे. गरिबाची गाडी श्रीमंताच्या गाडीशी मानाने लढू शकते ती याच नियमामुळे.

या खेळात पिकअप कशी आली हेही पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे ‘पिकअप’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक म्हणजे भाजी, दूध, सिमेंट वाहणारी मागे हौदा असलेली गाडी. आणि दुसरा म्हणजे गाडीची उसळी. ‘गाडी पिकअप घेत नाही’ ही तक्रार आमच्या दारात रोज ऐकू येते. अमेरिकेत हा शब्द मुख्यतः पहिल्या अर्थाने वापरतात. फोर्ड कंपनीने १९२५ साली ‘मॉडेल टी’ला कारखान्यातूनच मागे हौदा बसवून दिला, आणि पुढे ही गाडी तेथील शेतकऱ्याचा बैलच झाली. शेतकऱ्याच्या पोराने बापाची जुनी पिकअप घ्यावी, तिच्यात मोठे इंजिन बसवावे आणि रविवारी पट्टीवर न्यावी, हे मग ओघानेच आले.

वास्तविक शर्यतीसाठी ही गाडी गैरसोयीची. इंजिन पुढे, हौदा मागे रिकामा, आणि जोर मागच्या चाकांना. वजन पुढे व ताकद मागे असल्यामुळे चाके जागीच गरगर फिरतात आणि गाडी हलत नाही. म्हणून जाणता माणूस बॅटरी उचलून हौद्यात नेतो, मागील पाटे व सस्पेन्शन अशा रीतीने बसवितो की सुटताना पुढचा भाग उचलला जावा आणि वजन मागच्या चाकांवर यावे. शिवाय टायरमधील हवा कमी करतो. यात एका अश्वशक्तीचीही भर पडत नाही, परंतु सेकंदाचे काही दशांश वाचतात. १९९१ साली जीएमसी कंपनीने ‘सायक्लोन’ नावाची पिकअप काढली. टर्बो बसविलेले ४.३ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन आणि जोर चारही चाकांना. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने तिची फेरारीच्या ३४८ या मोटारीशी तुलना केली, तेव्हा पाव मैलात पिकअपने १४.१ सेकंद घेतले, तर फेरारीने १४.५. शेवटच्या रेषेवर फेरारीचाच वेग जास्त होता. परंतु पिकअपने सुटतानाच बाजी मारली होती. ताकद किती आहे यापेक्षा ती जमिनीवर किती उतरते, हे महत्त्वाचे.

आता इंधनाचा भाग. येथे थोडा तांत्रिक तपशील येईल, पण तो स्वयंपाकाहून अवघड नाही. इंजिन ही हवा आणि इंधन यांचे माप साधण्याची जागा आहे. पेट्रोलचा एक भाग पुरता जळावयास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पूर्ण ताकदीच्या वेळी इंधन थोडे जास्त देतात, म्हणजे एकास साडेबारा-तेरा हवा. टर्बो असेल तर त्याहूनही थोडे जास्त. इंधन फार झाले तर प्लग काळा पडतो, गाडी जड होते, ताकद धुरात जाते. इंधन कमी पडले तर उष्णता वाढते, मिश्रण अवेळी पेट घेऊन आतून खडखड ऐकू येते, आणि काही क्षणांत पिस्टनला भोक पडू शकते. जुने ट्यूनर शर्यत होताच प्लग काढून त्याचा रंग पाहत असत. फिकट बदामी असला तर माप बरोबर. पांढरा व भाजलेला असला तर धोका. आता सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवितात आणि संगणकातील कोष्टकात प्रत्येक फेऱ्याला, प्रत्येक भाराला किती इंधन द्यावयाचे ते आकडे भरतात. साधन बदलले, प्रश्न तोच राहिला.

इंधन बदलले की माप बदलते. पंचाऐंशी टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या ‘ई-८५’ला एकास सुमारे ९.८ हवा पुरते; म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने दीडपट इंधन द्यावे लागते. नोझल व पंप तेच ठेवून केवळ इंधन बदलले तर इंजिन उपाशी राहून जळते. मिथेनॉलचे माप एकास सुमारे ६.४. आणि सर्वांत मोठ्या ‘टॉप फ्युएल’ गाड्यांत वापरतात त्या नायट्रोमिथेनचे एकास केवळ १.७, कारण ते स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊनच येते. या गाड्या ११,००० हून अधिक अश्वशक्ती निर्माण करतात. २००८ साली स्कॉट कलिटा या चालकाचा न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे मृत्यू झाल्यावर त्यांचे अंतर पाव मैलावरून १,००० फुटांवर आणले गेले. वेगाच्या खेळाने स्वतःची पट्टी आखूड करून घेतली, हेही हिशेबातच धरले पाहिजे. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा २० टक्क्यांचा टप्पा २०२५ साली गाठला गेला. जुन्या कार्बुरेटरच्या मोटारसायकली वापरणाऱ्या मित्रांनी मापाची ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

हवासुद्धा रोज सारखी नसते. ऊन वाढले की हवा विरळ होते, दमटपणा वाढला की तिच्यातील ऑक्सिजनचा वाटा घटतो, उंचीवर तर ती कमीच असते. डेन्व्हरजवळचे बँडिमेअर हे मैदान २०२३ साली बंद होईपर्यंत सुमारे ५,८०० फूट उंचीवर शर्यती भरवीत असे. समुद्रसपाटीवर जुळविलेली गाडी तेथे त्याच मापावर धावत नसे. म्हणून चांगला ट्यूनर प्रत्येक खेपेला तापमान, दमटपणा, हवेचा दाब, टायरचा दाब आणि चिठ्ठीवरील आकडे वहीत लिहून ठेवतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि वेळ सुधारली, तर ती कशाने सुधारली हे कळावयास मार्ग राहत नाही. आमच्या संशोधनपद्धतीच्या तासाला सरांनी हेच तत्त्व चल व अचल घटकांच्या नावाने शिकविले होते.

डिझेलची गोष्ट थोडी निराळी, आणि मला अधिक जवळची. डिझेल इंजिन हवा आपली भरपूर घेते; ताकद कमीजास्त होते ती इंधनाच्या मापाने. १९८९ साली डॉज कंपनीच्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन आले. १६० अश्वशक्ती म्हणजे फार नव्हे, पण टॉर्क ४०० फूट-पाउंड, आणि पंप निव्वळ यांत्रिक. आपल्याकडे जुन्या ट्रकांवर ‘मायको पंप’ म्हणून जी घराणी मिस्त्रींना पाठ आहेत, त्यांचेच हे भाऊबंद. स्क्रू फिरवून इंधन वाढविता येते, हे तेथील शेतकऱ्यांच्या मुलांना लवकरच कळले. आमच्याकडेही गिऱ्हाईक येते आणि म्हणते, “काका, पंप जरा वाढवून द्या.” वडील म्हणतात, “वाढवून देतो; पण हवा कुठून आणणार? इंजिन कामाला आलं तर माझ्याकडं येऊ नको.” या एका वाक्यात डिझेल ट्यूनिंगचे सारे शास्त्र आले. हवा न वाढविता इंधन वाढविले की उरलेले डिझेल काजळी होऊन बाहेर पडते. काळा धूर म्हणजे पंपावर पैसे देऊन घेतलेले आणि न जळलेले इंधन. त्याबरोबर आतील उष्णता वाढते ती वेगळीच. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, तो वितळतो. म्हणून पट्टीवरचा खरा ट्यूनर मोठा टर्बो बसवितो, गरम झालेली हवा थंड करून घेतो, धुराची उष्णता मोजणारा पायरोमीटर लावतो, आणि नायट्रस ऑक्साइड वापरतो तेही ऑक्सिजन वाढवून उरलेले डिझेल जाळण्यासाठी. धूर जितका कमी, तितका तो समाधानी.

याच पिकअपचे दुसरे रूप मात्र रस्त्यावर दिसू लागले. मुद्दाम जादा डिझेल सोडून मागच्या गाडीवर, सायकलस्वारावर काळा लोट सोडावयाचा. यास तेथे ‘रोलिंग कोल’ म्हणतात. त्यासाठी धूर शुद्ध करणारी उपकरणे काढून टाकतात आणि संगणकात खोटी कोष्टके भरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० साली एक अहवाल दिला. दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची ही उपकरणे काढली गेली, असा त्यात अंदाज आहे. आणि त्या गाड्यांच्या आयुष्यात नायट्रोजन ऑक्साइडची ५,७०,००० टन जादा भर हवेत पडेल. नियमाने चालणाऱ्या नव्वद लाखांहून अधिक जादा पिकअप रस्त्यावर आणल्यासारखे हे आहे. न्यू जर्सी राज्याने २०१५ साली धूर सोडण्याच्या या प्रकारावर कायद्याने बंदी घातली. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की दोन्हीकडे गाडी तीच, इंजिन तेच, स्क्रूही तोच. एकाने तो फिरविला तो सेकंद वाचविण्यासाठी, दुसऱ्याने फिरविला तो शेजाऱ्याच्या तोंडाला काळे फासण्यासाठी.

आपण यातील कोणते रूप घेतले? उत्तर सायंकाळी बायपासवर मिळते. मोटारसायकलींचे सायलेन्सर कापलेले, पिकअपच्या धुराड्यातून काळा लोट, आणि दोन गाड्या शेजारी आल्या की शर्यत. गेल्या पावसाळ्यात अशाच एका प्रसंगात आपल्याच महाविद्यालयाच्या एका विद्यार्थ्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. चार महिने तो वर्गात येऊ शकला नाही आणि परीक्षेलाही बसू शकला नाही. त्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. तो हुशार आहे, त्याचा हात यंत्रावर उत्तम चालतो. पण त्याच्या त्या शर्यतीत दिवा नव्हता, चिठ्ठी नव्हती, तपासणी नव्हती. कोण जिंकले हेसुद्धा आजपर्यंत वादाचेच आहे! कायदा स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वये सार्वजनिक जागी विनापरवाना शर्यत लावणे गुन्हा आहे, आणि नोंदणीत लिहिलेल्या मूळ रूपाशी विसंगत असे बदल करण्यास ५२ वे कलम मनाई करते. हा कायदा योग्य आहे असेच माझे मत आहे. मात्र केवळ ‘नको’ म्हणून विसाव्या वर्षीची हौस मरत नाही, हेही तितकेच खरे.

नियमात बसणारी वाट आपल्या देशाला अनोळखी नाही. मद्रासजवळ शोलावरम येथे युद्धकाळातील धावपट्टीवर अनेक वर्षे मोटार शर्यती होत असत. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाच्या ड्रॅग शर्यती भरलेल्या आहेत. बैलगाडा शर्यतींचाही अनुभव हेच सांगतो. २०१४ साली त्या बंद झाल्या, आणि राज्याने केलेला कायदा २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मान्य केला तो नियम व अटी यांच्यासह. हौसेला नियमाची जोड मिळाली की ती समाजात उजळ माथ्याने वावरते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की हा श्रीमंतांचा आणि इंधनाची नासाडी करणारा खेळ आहे. नासाडी होते हे मी नाकारीत नाही. मात्र रोज बायपासवर होणारी नासाडी कोणी मोजत नाही, म्हणून ती दिसत नाही इतकेच. दुसरा आक्षेप मला स्वतःला नेहमी ऐकावा लागतो: हे बाईमाणसाचे काम नव्हे. त्यावर मी एकच नाव सांगते. शर्ली मल्डाउनी या बाईंनी १९७३ साली ‘टॉप फ्युएल’ गाडी चालविण्याचा परवाना मिळविला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री. १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीन वेळा त्यांनी त्या वर्गाची राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली. १९८४ साली भीषण अपघातात त्यांचे पाय चिरडले गेले. १९८६ साली त्या पुन्हा पट्टीवर उतरल्या. दिव्याला स्त्री-पुरुष कळत नाही, घड्याळालाही नाही. मोजमापाचा मला वाटणारा सर्वांत मोठा गुण हाच.

शेवटी, नुसते मत देऊन थांबण्यापेक्षा एक सूचना करते. आपल्या मैदानाची एक फेरी ४०० मीटरची, म्हणजे जवळजवळ पाव मैलच. येत्या वार्षिक क्रीडा महोत्सवात जिमखान्याने सायकलींची ‘ब्रॅकेट’ शर्यत ठेवावी. प्रत्येकाने आपली वेळ आधी चिठ्ठीवर लिहून द्यावी. हळू सायकलीला आधी सोडावे. लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर येईल तो बाद, आणि उरलेल्यांत जो आधी येईल तो विजयी. यास पेट्रोल लागत नाही, परवाना लागत नाही. दोन स्टॉपवॉच, एक शिट्टी आणि एक वही एवढे पुरे. गिअरच्या महागड्या सायकलीसमोर कुरकुरणारी जुनी सायकल जिंकू शकेल, मुलासमोर मुलगी जिंकू शकेल, आणि सहभागी होण्याची इच्छा असल्यास प्राध्यापकवर्गालाही मज्जाव नसावा. त्याच दिवशी आयटीआयमधील एखाद्या निदेशकांना बोलावून विद्यार्थ्यांच्या दुचाकींचे ब्रेक व धूर तपासून घ्यावेत. काळा धूर सोडणाऱ्या गाडीच्या मालकाला त्याचे किती रुपये हवेत गेले ते कागदावर मांडून दाखविण्याचे काम मी आनंदाने करीन. वही माझ्याकडे आहेच.